बिनकुलपाचं फाटक

आमच्या गिरणीला सदसद्विवेकबुद्धी आहे, हे मला नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी, की गिरणीला बॉयलर असतो, चिमणी असते आणि बोनसचा विषय निघाला की बहिरा होणारा मॅनेजर असतो. पण विलायतेतल्या एका बड्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. शेतातल्या बोंडापासून चादरीच्या काठापर्यंत कुठंही वेठीच्या, सक्तीच्या मजुरीचा हात लागलेला नाही, असा दाखला मिळाल्याशिवाय ते आमच्या चादरी घेणार नव्हते. पत्र वाचताच मॅनेजरसाहेबांना एकदम मजुरांचा कळवळा आला. ऑर्डर मोठी होती, त्यामुळे कळवळाही मोठा होता.

पत्रासोबत चौदा प्रश्नांचा छापील कागद होता. आमचा कापूस यवतमाळ जिल्ह्यातून येतो, तेव्हा तिकडं जाऊन या चौदा प्रश्नांची उत्तरं कुणीतरी भरून आणायची होती. साहेबांनी मला निवडलं, कारण खरेदी खात्यात वऱ्हाड पाहिलेला मी एकटाच. म्हणजे, एकदा नागपूरला लग्नाला जाताना बडनेरा स्टेशन मी झोपेत ओलांडलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तो पहिलाच हिवाळा. मूर्तिजापूरहून दारव्ह्यापर्यंतची छोटी आगगाडी आणि तिथून पुढची दिग्रसची मोटार यांचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना आठवण नको असेल, आणि ज्यांनी केला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही.

सोमवार, दिग्रस

ज्या जिनमध्ये मी उतरलो तिचं नाव सांगत नाही. मालक भाऊसाहेब यांनी माझा पाहुणचारच असा केला, की नाव सांगणं कृतघ्नपणाचं होईल. जिन म्हणजे काय हे मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. शेतातून आलेल्या कापसातली सरकी काढायची, रुई वेगळी करायची आणि गाठी बांधून आमच्यासारख्यांकडे पाठवायची. काम यंत्रं करतात, त्यांना रेचे म्हणतात. रेच्यांच्या तोंडात कापूस घालायचं काम बायका करतात, दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीपर्यंत.

भाऊसाहेबांनी मला आधी फाटक दाखवलं. म्हणजे फाटक असायला हवं ती जागा. दोन दगडी खांब, आणि मध्ये काही नाही.

"कापसाच्या गाड्या दिवसभर येतेत," भाऊसाहेब म्हणाले. "दार कायले लावता? काढूनच टाकलं. ज्याले यायचं त्यानं यावं, ज्याले जायचं त्यानं जावं."

माझ्या कागदावरचा सातवा प्रश्न असा होता: कामगारांना काम सोडून जाण्याची मोकळीक आहे काय? इथं तर मोकळीक मोजायला कुलूपसुद्धा नव्हतं. मला फार बरं वाटलं. आमच्या मुंबईच्या गिरणीला दोन फाटकं, चार भय्ये आणि एक भोंगा आहे, ही गोष्ट मी भाऊसाहेबांना सांगितली नाही.

आत तीस-चाळीस बायका रेच्यांपुढं बसल्या होत्या. बहुतेक बंजारा, आसपासच्या तांड्यांवरच्या, हंगामभर जिनच्या आवारातच मुक्कामाला. रंगीत घागरे, आरसे जडवलेल्या काचोळ्या, हातभर बलोती बांगड्या. एवढ्या नटलेल्या बायकांचे केस मात्र अगदी सुने. मी चौकशी केली. भाऊसाहेबांनी मला ऑफिसात नेऊन तिजोरी उघडून दाखवली. आत लहान लहान कापडी पिशव्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला आकड्याची चिठ्ठी.

"घुगऱ्या," ते म्हणाले. "यायच्या केसात चांदीच्या असतेत, कानाजवळ. लोंबतेत. मशीनचा पट्टा फिरते जोरानं, त्यात अडकल्या म्हंजे बाईचं डोस्कं गेलंच समजा. म्हून सीझन सुरू झाला का काढून ठेवाच लागते. सीझन झाला का ज्याची त्याले."

मी भारावलो. कामगारांच्या सुरक्षिततेची एवढी काळजी आमच्या गिरणीत फक्त भिंतीवरच्या पाटीवर आहे. कागदावर "विशेष अभिप्राय" म्हणून जागा होती, तिथं मी या तिजोरीची तोंड भरून तारीफ लिहिली आणि ही पद्धत सर्व जिन-मालकांनी उचलावी अशी शिफारसही केली. शिफारस करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी जेवायला पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या, आणि वर तेलाचा लाल तवंग. आम्हा कोकणातल्या लोकांच्या आमटीवरून मिरची ओवाळून टाकतात. इथं मिरचीवरून आमटी ओवाळून टाकली असावी. मी उचक्या देत असताना ओसरीच्या पायरीशी एक बंजारा बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, उंच, अंगावर कापसाचे तंतू.

"मालक, मले तांड्यावर जाऊ द्या ना. घरवाल्याले लय दिसाचा ताप हाय. निरोप आला."

"जा ना, धानीबाई," भाऊसाहेब अगदी मायेनं म्हणाले. "तुले कोन अडवलं? फाटक उघडंच हाय."

बाई हलली नाही. तिनं कानाजवळ, केसांवर दोन बोटं ठेवली आणि नुसती पाहत राहिली.

"ते सीझन झाल्यावर पाहू," भाऊसाहेब म्हणाले आणि मला आणखी एक पातोडी वाढली.

बाईचं डोकं दुखत असावं, असं मी ताडलं. ताडण्यात मी पहिल्यापासून हुशार. माझ्या खिशात ताप-डोकेदुखीची गोळी होती, ती मी उठून तिला दिली. तिनं गोळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, गोळी ओढणीच्या टोकाला बांधली आणि परत फिरली. फाटकाकडं नाही, रेच्यांकडं.

सातव्या प्रश्नापुढं मी लिहिलं: "कामगार स्त्रीस जाण्याची परवानगी माझ्यासमक्ष देण्यात आली. तिने स्वखुशीने काम पत्करले." संध्याकाळच्या टपालानं अहवाल मुंबईला रवाना केला. इतक्या लवकर इतकं चोख काम मी एकोणीस वर्षांत केलं नव्हतं.

मंगळवार, हुरड्याचं शेत

काम संपलं होतं, पण भाऊसाहेब सोडायला तयार नव्हते. त्यांच्या शेतात ज्वारीचा हुरडा धरला होता. सोबत वाट दाखवायला वामन नावाचा माणूस दिला. तो जिनच्या इंजिनाला तेलपाणी करायचा. निघताना मी सवयीनं माझी बॅग त्याच्यापुढं धरली.

"ब्याग तुमची हाय साहेब, तुमीच घ्या," वामन शांतपणे म्हणाला. "मी वाट दाखोतो."

मागून भाऊसाहेब खाकरले. छप्पन साली याच्या सगळ्या गल्लीनं दीक्षा घेतली, तेव्हापासून लोक बिघडले, असं त्यांनी मला सकाळीच सांगितलं होतं. मी बॅग उचलली. ती फार जड होती असं नाही. तिच्यात चौदा प्रश्नांच्या कोऱ्या प्रती होत्या.

वाटेत वामननंच विषय काढला. दर हंगामाच्या मुहूर्ताला जिनचं आवार झाडायचं, सारवायचं, वाजंत्री वाजवायची, हे काम पूर्वी त्यांच्या गल्लीकडं होतं. फुकट. ती रीत होती. दीक्षा घेतल्यावर गल्लीनं सांगितलं, आता नाही.

"मालक म्हनले, बापजाद्याची रीत मोडली तुमी. म्या म्हनलं, ज्याले रीत आवडते त्यानं झाडू घ्यावा." तो थोडा हसला. मग म्हणाला, "तुमी काल काय लिहलं कागदात?"

मी अभिमानानं सांगितलं. कुलूप सोडा, दारसुद्धा नाही, वगैरे.

"दार कायले पाह्यजे साहेब? तुमी फाटक पाह्यलं. बायायच्या डोस्क्याकडं नाही पाह्यलं."

"पाहिलं की. घुगऱ्या काढल्या आहेत. पट्ट्यात अडकतात."

"अडकतेत, हे खरंच हाय. मागं एका बाईचे केस ओढल्या गेलते. पह्यले सकाळी काढून घेत, सांजच्याले देऊन टाकत. मंग एका साली मधातच बाया निघून गेल्या, काम पडलं. तवापासून पिशव्या सीझनभर तिजोरीत." वामन थांबला. "गोरमाटी, म्हंजे बंजारा बाई लगन झाल्यावर घुगऱ्या घालते साहेब. नवरा मेल्यावरच काढते. इथं जिनात समद्याच तशा, कोन कोनाले बोलन? पन तांड्यावर तशी जाऊन दाखवा म्हना एखादीले. अन् धानीबाईचा नवरा खाटल्यावर पडला हाय. जिता हाय तो. त्याच्यासमोर हे बाई रांडमुंड होऊन उभी राहीन काय?"

कानाजवळ टेकलेली ती दोन बोटं मला आता नीट दिसली. मला लाज वाटली. ती लाज नंतर बरीच वाढली, पण तिची सुरुवात शेताकडं जाणाऱ्या त्या पांदणीत झाली.

शेतात पोचल्यावर भाऊसाहेबांच्या सालदारानं गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून हातावर चोळून दिली. सोबत तिळाची चटणी, गूळ आणि दही. आमच्या कोकणात तांदळाचे पोहे करतात, त्यात शेत कुठंच नसतं. हुरड्यात अख्खं शेत असतं. हुरडा अतिशय गोड होता. एवढं सगळं ऐकूनही मी तो पोटभर खाल्ला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

बुधवार, पोस्टाचा ओटा

अन्याय दिसल्यावर शूर माणूस काय करतो ते मला ठाऊक नाही. गिरणीतला माणूस वरिष्ठांना तार करतो. सकाळी पोस्ट उघडताच मी तार केली: पहिला अहवाल चुकीचा, दागिने अडकवून बायांना रोखले आहे, पुढे काय करू?

मग उत्तराची वाट पाहत दिवसभर पोस्टाच्या ओट्यावर बसलो. दिग्रस पाहण्याची ती उत्तम जागा आहे. समोरून कापसाच्या गाड्या जातात, इतक्या भरलेल्या की बैल दिसतात आणि गाडीवान दिसत नाही. झाडांच्या फांद्यांना, तारांना, लोकांच्या मिशांना कापूस चिकटलेला. समोरच्या हॉटेलात चहा मागितला तर चहात साखर नव्हती, साखरेत चहा होता. मी असे पाच कप प्यालो. पोस्टमास्तर सज्जन. त्यांनी मला हवापाण्यापासून नागपूरच्या गेलेल्या राजधानीपर्यंत सगळं ऐकवलं. विदर्भातला माणूस राजधानी गेल्याचं दुःख परक्याला चहाबरोबर देतो.

दोनदा वाटलं, उठावं आणि जिनमध्ये जावं. पण वरिष्ठांचं उत्तर आल्याशिवाय जाणं शिस्तीला धरून झालं नसतं. शिस्त हा माझा जुना आजार.

संध्याकाळी उत्तर आलं: "पहिला अहवाल उत्तम. ताबडतोब परत या."

गुरुवार, तिजोरी

मला धैर्य आलं असं समजू नका. मला राग आला होता, आणि तोही मुख्यतः "उत्तम" या शब्दाचा. एकोणीस वर्षांत साहेबांनी माझ्या एकाही कामाला उत्तम म्हटलं नव्हतं. नेमकं हेच निवडलं.

सकाळी मी भाऊसाहेबांच्या ऑफिसात गेलो आणि आयुष्यातली पहिली सफाईदार थाप मारली.

"एक बारीक त्रुटी राहिली," मी म्हणालो. "दागिने परत देण्याची पद्धत माझ्यासमोर व्हायला हवी. विलायतेचे लोक फार चिकट. तेवढ्यावरून सगळ्या गाठी अडकतील."

"होळीले या ना. तवा देतोच आपन."

"ऑर्डर होळीपर्यंत थांबणार नाही."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. ते मूर्ख नव्हते. एका पारड्यात चाळीस बाया होत्या आणि दुसऱ्या पारड्यात आमची गिरणी. "मंग लगेच परत जमा करतो," असं म्हणून त्यांनी किल्ली काढली.

पिशव्या आवारात सतरंजीवर ओतल्या, कारण चिठ्ठ्यांवरचे आकडे घुगऱ्यांना लागलेल्या केसांच्या तेलानं केव्हाच पुसले गेले होते. ज्या चोख व्यवस्थेची मी शिफारस केली होती ती ही. चांदीचा एक ढीग झाला. आता भांडणं होणार, असं भाऊसाहेब पुटपुटले. बायका रेचे सोडून भोवती बसल्या आणि एक एक घुगरी उचलून कानाशी हलवू लागल्या. हिचा आवाज बसका, तिचा चिरका, हिचा एक गोंडा तुटलेला, ती सासूची, ही आईची. सगळा ढीग थोड्याच वेळात जिचा तिच्याकडं गेला. एक तक्रार नाही. धानीबाईची जोडी दुसऱ्याच एकीनं ओळखून तिच्या हातात ठेवली.

"आता परत भरा पिशव्यांत," भाऊसाहेब म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. बायका केसांत घुगऱ्या गुंफत होत्या. पहिल्या दोघी उठल्या आणि फाटकाकडं चालू लागल्या. मग चार. मग सगळीकडं नुसता घुगऱ्यांचा आवाज. आत रेचे रिकाम्या तोंडानं खडखडत राहिले.

"अरे, ह्या चालल्या कुठं?"

"फाटक उघडंच आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य म्हणताना मला अतोनात आनंद झाला, तो लपवत नाही.

वामन इंजिन बंद करून बाहेर आला. "साहेब, तुमी धानीबाईसंगं मोटारीनं जा," तो हळूच म्हणाला. "मालक मागून मानूस पाठवतीन. तुमी असान त् कोनी तिले हात लावनार नाही." पाहुणचार तसाही संपलाच होता. मी बॅग उचलली.

या सगळ्याचं पुढं मुंबईत काय झालं, ते इथंच सांगून टाकतो. मी पोचायच्या आत पहिला अहवाल विलायतेला गेला होता. गिऱ्हाइकानं दाखला मान्य केला. सुरक्षित तिजोरीची कल्पना त्यांना इतकी पसंत पडली, की ती इतर देशांतल्या पुरवठादारांना कळवू, असं त्यांनी लिहिलं. माझा दुसरा अहवाल "जिनचे काम बंद पाडल्याबद्दल खुलासा" या नावाच्या फाइलमध्ये आहे. खुलासा अजून चालू आहे.

गुरुवार दुपार, तांडा

पुसदच्या मोटारीत धानीबाई माझ्या पुढच्या बाकावर ताठ बसली होती. मोटार खड्ड्यात गेली की घुगऱ्या वाजत. माझं डोकं थोडं ठिकाणावर आल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, सोमवारी मला कळलं नाही. तुमचं डोकं दुखतंय असं वाटलं."

ती वळून पहिल्यांदाच हसली. "गोळी ठेवली ना म्या. तापाची असन म्हनून. तेच्यासाठी." तिनं ओढणीची गाठ दाखवली. "तुमी भले मानूस हाय, भाऊ."

मला खिडकीबाहेर बरंच काही पाहण्यासारखं सापडलं.

मोटारीतून उतरल्यावर टेकडीच्या वाटेनं कोसभर चालायचं होतं. उघडी रानं, सागाची पानगळ, मधून पळसाची झाडं. धानीबाई इतकी भरभर चालत होती की मी मागं पडलो. चालता चालता ती हातानं घुगऱ्या चाचपत होती, नीट बसल्या आहेत ना म्हणून. एकदा थांबून तिनं मला विचारलं, "बराबर दिसून राह्यल्या ना?" मी मान हलवली. चेहरा धुतल्यासारखा उजळला होता तिचा.

तांड्याच्या तोंडाशी पाच-सहा माणसं बसली होती. आम्हाला पाहून ती उभी राहिली. तांड्याचा नाईक, पांढऱ्या पागोट्याचा म्हातारा, पुढं आला. त्यानं धानीबाईचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. मला शब्द कळले नाहीत. ती जिथं होती तिथंच मातीत बसली.

नाईक माझ्याकडं वळला. "काल दिवस बुडायच्या टायमाले गेला. सकाळपासून वाटंकडंच पाहून राह्यला होता. आज मूठमाती देल्ली."

काल म्हणजे बुधवार. काल मी शिस्तीत बसलो होतो, आणि पुसदची मोटार माझ्यासमोरून दोनदा गेली होती.

घराघरांतून बायका आल्या. त्यांचं रडणं गाण्यासारखं असतं, एकीनं धरलं की दुसरी उचलते. एक म्हातारी धानीबाईच्या मागं बसली आणि तिच्या केसांतली घुगरी सोडवायला लागली. धानीबाईनं तिचा हात धरला.

"थांब याडी, थांब माय," ती म्हणाली. "आता त् घातल्या."

ती उठली आणि झोपडीत गेली. दारातून मला आत रिकामं खाटलं दिसत होतं. त्याच्यापुढं ती मान थोडी वाकवून उभी राहिली, आधी डावीकडून, मग उजवीकडून, कुणाला तरी दाखवावं तशी. मग बाहेर आली, म्हातारीपुढं बसली आणि स्वतःच डोकं खाली केलं.

कुणीतरी विचारलं, हा कोण माणूस. धानीबाईनं डोकं वर न करता उत्तर दिलं, आणि ते मला कळावं म्हणून मराठीत दिलं.

"यायनंच सोडवलं आमाले. यायच्यामुळंच आली मी."

सगळा तांडा माझ्याकडं वळला. नाईकानं हात जोडले. त्याच्यामागं एकेकानं जोडले. एका बाईनं घासून लख्ख केलेल्या तांब्यातून पाणी आणून दिलं. खरं काय ते मी तिथंच सांगायला हवं होतं. मी नमस्कार घेतले आणि पाणी प्यालो.